सगळ्यांना म्हणजे कोणाला

१४ नोव्हेंबर

हिरू आज परत कामावर आली. चिकू निवडायला बसली, पण हात चालत नव्हते. कच्चे, पिकलेले सगळे एकाच टोपलीत जात होते. माझ्या नवऱ्याने, जतीनने विचारलं, तर म्हणाली, "माझ्या भावाची बोट धरली."

मला आधी कळलंच नाही. धरली म्हणजे?

"पाकिस्तानवाल्यांनी. माणसं पण नेली."

तिचा भाऊ लाहू. भात लावून झालं की दरवर्षी गुजरातेत ओख्याला जातो, तिथल्या एका शेठच्या बोटीवर खलाशी म्हणून. रानशेतकडच्या पाड्यांतून कितीतरी पुरुष असेच जातात म्हणे. तलासरीच्या मुकादमाने फोन केला, बोट गेली, माणसं तिकडे आहेत, एवढं सांगितलं आणि ठेवला. त्याला सात-आठ दिवस झाले. हिरू लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या वाडीत काम करते, आणि तिला भाऊ आहे हे मला आज समजलं.

दुपारभर डोक्यात तेच होतं. 'वाडीतली मयुरा' हे माझं पेज आता दीड-दोन वर्षांचं झालं. चिकूचे चिप्स, बोर्डीचा किनारा, वाडीत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मडक्यात लावलेली उकडहंडी. बघणारी माणसं तीच ती. जतीनची मावशी, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आणि बोरिवलीचे एक काका, जे प्रत्येक फोटोखाली 'खूपच छान' लिहितात. आज पहिल्यांदा वाटलं, याचा कोणाला तरी उपयोग होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

रानशेतला जाऊन आलो. रस्ता सोडल्यावर बराच आत पाडा आहे. हिरू जतीनच्या स्कूटरवर मागे बसून वाट दाखवत होती, मी माझ्या स्कूटरवर मागोमाग.

लाहूची बायको जमना पंचविशीची असेल. अंगाने बारीक. आम्हाला बघून तिने खाट झाडली, पाणी आणलं आणि कुडाला टेकून उभी राहिली. सासरा लडक्या दारातच बसलेला, त्याला ऐकू कमी येतं. मुलगी आश्रमशाळेत असते, तिला अजून सांगितलेलं नाही.

मी फोन स्टँडवर लावला. मागे कुडाची भिंत, बाजूने उन्हाची तिरीप. खरं सांगायचं तर फ्रेम फार सुंदर आली होती.

"कॅमेऱ्याकडे बघून बोल. घाबरू नकोस."

"काय बोलू?"

"मनात असेल ते."

ती म्हणाली, "त्याला फिट येते. कासाच्या दवाखान्यातून गोळ्या चालू हायत. सकाळची एक, रातची एक. नेल्या तेवढ्या दिवाळीलाच संपल्या असतील. बंदराला लागला की तो घ्यायचा दुसऱ्या. आता तिकडं कोण देल?"

"हो, ते बरोबर आहे. पण तुला त्याची आठवण येते का? ते सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, शेवटचं काय बोलला होता? तेव्हा तिला रडू आलं. तोंड न झाकता, समोर बघत रडली. माझेही डोळे भरले.

निघताना तिने विचारलं, "बाय, हे कोणाला जाणार?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

मी तिला समजावून सांगितलं, की मुंबई, पुणे, दिल्ली, अगदी मंत्र्यांपर्यंतसुद्धा. तिने मान हलवली. जतीन स्कूटरवर बसून ऐकत होता.

१७ नोव्हेंबर

दिवसभर एडिटिंग. गोळ्यांचा भाग काढला. आवाज वाऱ्यात गेला होता आणि गोष्ट लांबत होती. रील मिनिटाभराच्या पुढे गेलं की लोक सोडून जातात. रडण्यावर सुरुवात केली, मागे बासरी टाकली. 'समुद्राने नाही, सीमेने नेला तिचा नवरा.' ही ओळ मला आपोआप सुचली.

संध्याकाळी टाकलं.

२० नोव्हेंबर

काय लिहू! मोजणं सोडून दिलं आहे. आकड्यापुढे 'लाख' हा शब्द मी माझ्या पेजवर कधी पाहिला नव्हता. दोन न्यूज पोर्टलवाल्यांचे फोन आले. पालघरचा प्रितेश म्हणून एक पत्रकार आहे, तो म्हणाला, "मॅडम, आम्ही दोन वेळा बातमी दिली, कोणी वाचली नाही. तुम्ही जमवलंत." शाळेतल्या बाई, ज्यांना माझं नावही आठवत नसेल, त्यांनी शेअर केलं. बोरिवलीच्या काकांनी पहिल्यांदाच 'खूपच छान' लिहिलं नाही, रडणारे चेहरे पाठवले.

सकाळी फोन हातात घेताना मला आनंद होतो. लाहू तिकडे कोंडलेला आहे आणि मला आनंद होतो. हे वाईट आहे का? पण लोकांपर्यंत पोहोचल्याचा आनंद आहे तो. वेगळा आहे.

२४ नोव्हेंबर

मी किनाऱ्यावर पाहुण्यांबरोबर होते. परत आले तर जमना ओटीच्या पायरीवर बसलेली. सकाळी पाड्यावरून जीपने डहाणू, तिथून एसटीने बोर्डी. हिरूने तिला भाकरी दिली होती, ती तशीच होती.

"कोणाचा फोन आला, बाय?"

मी तिला शेजारी बसवलं आणि कमेंट दाखवल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचत गेले. 'ताई आम्ही तुमच्यासोबत आहोत.' 'देव यांना बळ देवो.' 'सलाम या माउलीला.' खूप वेळ वाचलं. ती एकेका नावावर बोट ठेवून विचारायची, "हा कुठला?" मला कसं माहीत असणार? म्हटलं, "ठाऊक नाही गं, पण तुझ्या बाजूचा आहे."

"मग याला सांगा ना गोळ्यांचं."

"पुढच्या व्हिडिओत टाकते."

तिने मळकी प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. मी म्हटलं, जपून ठेव, पुढे लागतील. हिरू मागे उभी होती. म्हणाली, "वहिनी, तुमीच ठेवा ना, तुमची वळख हाय." पण माझ्याकडे राहिली तर हरवतील. मी परत जमनाकडेच दिली. शेवटच्या एसटीआधी तिला निघायचं होतं. जाता जाता दहा सेकंदांचा एक शॉट घेतला, पाठमोरी चालत जाताना. चांगला आलाय.

१ डिसेंबर

गेले तीन-चार दिवस फार त्रासाचे. कुठून कुठून माणसं येतात आणि घाण लिहितात. हे लोक मुद्दाम हद्द ओलांडतात, यांचे तिकडे नातेवाईक असतील, ही बाई नाटक करते, हिच्या नाकात चमकी बघा. मला तर काय काय लिहिलं, ते इथेही लिहवत नाही. इनबॉक्समध्ये पुरुषांचे फोटो. मी दोन दिवस नीट जेवले नाही.

जतीन म्हणाला, "बंद कर सगळं."

पेज बंद करणार नाही. पण काल कमेंट बंद केल्या. अनोळखी माणसांचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, तो कप्पा आता उघडायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी चॅनल सुरू केलं. तिथे मीच लिहू शकते, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. हजारो लोक आलेही. मी बोलते, ते ऐकतात. मध्ये कोणी नाही. किती शांत वाटतंय!

९ डिसेंबर, मंगळवार

तलासरीला सभा झाली. खलाशांच्या घरच्यांना बोलावलं होतं, मला प्रमुख वक्ती म्हणून. मंडपात बायका जास्त, कडेवर पोरं. जमनाला पुढच्या रांगेत, बॅनरच्या बरोबर खाली बसवलं होतं. बॅनरवर तिचाच रडतानाचा फोटो. माझ्या रीलमधला.

मी पंधरा मिनिटं बोलले. समोर इतके फोन वर झाले होते, की बायकांचे चेहरे दिसत नव्हते. पुढारी बोलले, कचेरीतून आलेले साहेब बोलले. 'शासन पूर्ण ताकदीनिशी पाठीशी आहे.' मग जमना उठली. हातात तीच पिशवी. साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, एक विचारायचं हाय." सूत्रसंचालकाने माइक तिच्यापाशी नेण्याआधीच आभार सुरू केले, साहेबांना पुढे कासाला जायचं होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग बसली. मला वाईट वाटलं, पण कार्यक्रम उशिरा सुरू झाला होता, त्याला कोण काय करणार?

बाहेर माझ्याभोवती गर्दी. एक सावळीशी मुलगी, पाठीला सॅक, लोकांना बाजूला सारत आली. म्हणाली, "ताई, मी भाविका, उमरगावची. तुम्हाला मेसेज टाकला होता."

"अगं, इतके येतात," मी म्हटलं, "बघते हं." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढला. तिच्याच फोनवर. ती काहीतरी सांगत होती, पण पुढच्या माणसाने मला ओढलं. गोड मुलगी.

२२ डिसेंबर

जतीनशी भांडण. तो पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे लावत होता आणि मी चॅनलसाठी आवाज रेकॉर्ड करत होते. स्टुलावरून खाली न उतरता त्याने विचारलं, "जमनाशी शेवटचं कधी बोललीस?"

"परवाच तर तिचा व्हिडिओ टाकला."

"तो जुना आहे. मी बोलण्याचं विचारतोय."

मी म्हटलं, तिच्याकडे फोन नाही, पाडा इतका लांब, नाताळचे पाहुणे आलेत. हे सगळं खरं आहे. तो म्हणाला, "हिरू इथे रोज असते. तिला तरी विचार." मी म्हटलं, तू नुसता टोमणे मारतोस, कधी एक रील शेअर केलंस का? तो पडदे लावत राहिला.

संध्याकाळी हिरूला विचारलं, कशी आहे जमना? म्हणाली, "हाय."

६ जानेवारी

आज लिहायलाच हवं, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी डहाणूला गेले होते, चिप्सचे खोके आणायला. दुकानातच प्रितेशचा फोन. "मॅडम, वाईट बातमी. लाहू गेला. तिकडच्या तुरुंगात. दिल्लीहून कन्फर्म आहे." मी म्हटलं, घरी कळवलंय का? म्हणाला, "कचेरीतून कोणीतरी जाईलच. पण सगळे आत्ता टाकतायत. तुम्ही सुरू केलेलं आहे, तुम्हीच मागे राहाल."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. हिरूला फोनवर सांगावं की समोर जाऊन, असा विचार केला. समोर जाऊनच सांगायला हवं, असं ठरवलं. जमनाला तर नक्कीच. मग वाटलं, रानशेतला पोहोचायला तासभर जाईल, तोपर्यंत लोक काहीबाही लिहितील. चुकीचं नाव, चुकीचा फोटो. निदान माझ्याकडून नीट जाऊ दे. मी ते पहिलं रील पुन्हा घेतलं, जमनाच्या रडण्याचं. वर लिहिलं, 'आपला लाहू गेला. आज आपण सगळे जमना आहोत.' टाकलं आणि स्कूटर काढली.

गंजाड मागे पडलं तसा फोन डिकीत सारखा थरथरत होता. ते मला ऐकू येत होतं.

पाड्यावर पोहोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. कोणी रडत नव्हतं. शेजारचा सुकऱ्या उभा होता आणि त्याचा फोन जमनाच्या हातात होता. बासरी वाजत होती. संपलं की ते आपोआप परत सुरू व्हायचं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने फोन माझ्यासमोर धरला.

"बाय, हे मी कवा रडलं?"

"ते जुनं आहे जमना. नोव्हेंबरातलं."

"सुकऱ्या सांगतो, लाहू मेला म्हणून मी रडते." ती पुन्हा बघायला लागली. "माना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि याच्यात मी रडते."

मी तिचा हात धरायला गेले. हात थंड होता. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. लडक्या दारातून सारखं विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि कोणालाच एवढ्या मोठ्याने ते सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी सुकऱ्या त्याच्या कानाशी वाकला.

मग जमना रडली. व्हिडिओतल्यासारखी नाही. पदर तोंडात कोंबून, जमिनीकडे बघत.

मी घरी आले तेव्हा हिरू वाडीतून निघून गेली होती. निवडायला घेतलेली टोपली तशीच. तिला कोणी सांगितलं, मी विचारलं. जतीन म्हणाला, "पाहुण्यांपैकी एका बाईने. तुझं चॅनल बघून. हिरूलाच दाखवत होती, बघ गं, तुमच्या भागातलं आहे."

७ जानेवारी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट. मला ती काढता आली असती. काढली नाही. आज दुपारी काढली, पण लोकांनी उतरवून घेतली आहे, ती फिरतेच आहे.

११ जानेवारी

कोणीतरी म्हणालं, एका मोठ्या खासदारांनी मला शोकसंदेश पाठवलाय, बघितला का? म्हणून तो बंद ठेवलेला कप्पा उघडला. खासदारांचा नव्हता. घाण बरीच होती. खाली खाली गेले तर भाविका टंडेल. सभेतली सॅकवाली मुलगी, फोटोवरून ओळखलं.

२ डिसेंबरचा पहिला मेसेज. तसाच उतरवते.

'नमस्कार ताई. मी उमरगावची. माझे पप्पा पण तिकडे होते, साडेतीन वरस. आम्ही खलाशांच्या घरवाळ्यांचं काम करतो. लाहूभाईला काय बिमारी असेल तर लगेच कळवा, दवाखान्याचा कागद नायतर गोळीचं नाव पण चालेल. तिकडे एक वकील छे, तो जेलच्या डॉक्टरला सांगतो. मागे दोन जणांना दवा पोचली.'

पाच दिवसांनी, 'ताई, बघितलं का?'

सभेच्या संध्याकाळी, 'फोटो मस्त आला. पण मेसेज बघा ना.'

त्यानंतर काही नाही.

मी तिला फोन केला. ती रागावली नाही. तिला त्या वकिलाकडून कळलं होतं. पहाटेच्या थंडीत लाहूला फिट आली, पुन्हा पुन्हा येत राहिली. बराकीतल्या बाकीच्यांना वाटलं घाबरून झालंय, त्यांनी हातपाय धरून ठेवले. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

दवा पोहोचली असतीच असं नाही. वकिलाने सांगितलं असतं आणि तिकडच्यांनी ऐकलं नसतं, असंही झालं असतं. आणि मी दिवसाला किती लोकांना उत्तर देणार होते? ती घाण आली नसती तर मी कप्पा बंदच केला नसता. हे सगळं मी जतीनला सांगितलं. तो ऐकत होता. माझं बोलून संपलं तरी ऐकतच होता, म्हणून मी तेच पुन्हा सांगितलं.

३१ जानेवारी

लाहूला आज आणलं. कागदपत्रांत इतके दिवस गेले. अमृतसरहून मुंबई विमानाने, तिथून अँब्युलन्स. ती चारोटीहून आत वळली तेव्हा पुढे-मागे मोटारसायकली. पाड्यात कधी आली नसतील इतकी माणसं. झाडावर चढलेली, कौलांना हात लावून उभी. आणि फोन.

पेटी उतरवली. जमना पुढे यायला बघत होती, पण समोर पाठी आणि वर केलेले हात. तिला मी दिसले.

"बाय, यांला सांगा ना जरा बाजूला व्हा. माना बघायचं हाय."

मी ओरडून सांगितलं. चार पोरं मागे सरली, बाकीची नाही. एकजण माझ्याकडे वळून हसला. चांगला मुलगा वाटत होता. "मॅडम, तुमचंच बघून आलो. वापीवरून."

पेटीचं झाकण काढलं तसे दोन-तीन फोन अगदी वर आले. तेव्हा जतीनने काय केलं, कोणाच्या तरी अंगावरची चादर ओढली, एक टोक सुकऱ्याच्या हातात दिलं आणि दोघांनी ती पेटीच्या बाजूने धरून ठेवली. हिरू धावली, तिने तिसरं टोक धरलं. माझ्याकडे न बघता. चौथं टोक लोंबत होतं. मी जाऊन धरलं. त्या आडोशात जमना आणि लडक्या, दोघंच. आत काय बोलली ते मला कळलं नाही. बरंच बोलत होती. हळू, घरी बोलावं तसं.

मला इथे एक लिहायचं आहे. झाकण काढलं त्या क्षणी माझाही हात पर्समध्ये गेला होता.

१३ फेब्रुवारी

एकटीच रानशेतला गेले. जतीनने विचारलं, कशाला? मी म्हटलं, असंच. फोन घेतला, पण डिकीत ठेवला.

जमना ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. बस म्हणाली. मी शेंगा घेऊन सोलायला लागले. मुलगी आश्रमशाळेत परत गेली, सासरा जेवत नाही, एवढं बोलली. मी खूप तयारी करून गेले होते, काय काय म्हणायचं ते. शेंगाच सोलत राहिले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाय, गोळ्यांचं कोणाला सांगितलं व्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "नाही सांगितलं."

तिने हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"बरं," म्हणाली.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडावं असं मला वाटत होतं. ती उठली. "सासऱ्याला पेज द्यायची हाय." आत गेली. मी उरलेल्या शेंगा सोलून ठेवल्या, सुपावर फडकं टाकलं. ती बाहेर आली नाही. आत भांड्याचा आवाज होत होता, मग तोही थांबला. दार उघडंच होतं, पण मला आत जाववलं नाही.

१५ फेब्रुवारी

हिरू आता आमच्याकडे येणार नाही. शेजारच्या वाडीत लागली. आज रस्त्यात दिसली, मी थांबले, ती पण थांबली. "कशी आहेस?" विचारलं. "तुमाला खरंच जाणायचं हाय का?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली.

चॅनल तसंच पडून आहे. लोक आता काही विचारू शकत नाहीत, मीच तशी सोय केली होती. रोज एकदा आकडा बघते. कमी होतोय. बघायचं नाही असं ठरवून बघते.

भाविकाला मेसेज केला. उरलेल्यांसाठी मी काही करू का? मोठी मोहीम काढता येईल, अजून बरेच लोक जोडलेले आहेत, एक व्हिडिओ केला तर...

तिचं उत्तर लगेच आलं. 'व्हिडिओ नको ताई. तुमच्याकडे गाडी आहे ना?'

२ मार्च, सोमवार

भाविका उमरगावहून संजाणला आली, तिथून तिला मागे बसवलं. तलासरीच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथून पुढचे पाडे. ती सगळ्या घरांत जाते. कोण कधीपासून तिकडे आहे, काही आजार, काही औषध, चष्मा लागतो का, घरचा काय निरोप. विचारते आणि लिहून घेते. मी फक्त गाडी चालवायची, असं ठरलं होतं.

तिसऱ्या घरी दोघी शेजारी एकदम बोलायला लागल्या. भाविका एकीकडे बसली आणि मला म्हणाली, "ताई, त्या माजीकडे तुम्ही बसा."

माजी म्हणजे धाकल्या नावाच्या खलाशाची म्हातारी आई. तोही लाहूच्याच बोटीवर होता. म्हातारीने मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी विचारलं, "धाकल्याला काही आजार आहे का?"

"दमा हाय. थंडीचा."

"अजून काही?"

ती गप्प राहिली. मला सवय नाही, माझ्या तोंडात पुढचा प्रश्न आलाच होता. तो मी गिळला. मग ती बोलायला लागली. धाकल्या लहानपणी तापाने दोन दिवस कसा पडून होता. भाताबरोबर सुकट नसली की रुसायचा. त्याच्या सासरच्यांनी म्हैस देतो म्हणून सांगितलं आणि रेडा दिला. पोटात दात असलेल्या मावशीची काहीतरी लांबलचक गोष्ट, ती मला धड समजलीही नाही. यातलं वकिलाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं. भाविकाचं काम झालं होतं, ती नळाशी उभी राहून माझी वाट बघत होती. मी उठले नाही. म्हातारीला मध्येच रडू आलं, तिने डोळे पुसले आणि रेड्याचं पुढे सांगायला लागली.

निघताना तिने माझं मनगट धरलं. "परत येशील ना?"

सवयीने 'हो, नक्की' असं तोंडावर आलं होतं. ते म्हटलं नाही. भाविकाला विचारलं, पुन्हा कधी यायचं आहे? मग म्हातारीला वार सांगितला. शुक्रवार.

तिने तो दोनदा म्हणून घेतला.